मोगऱ्याची छाटणी, कळीतली अळी आणि दुकानदाराचा कॉम्बो

विक्रमगड, जव्हारकडून बरेच आणि वसईकडून थोडे मेसेज आलेत, प्रश्न सगळ्यांचा फिरून एकच आहे. साहेब, गेल्या उन्हाळ्यात मोगऱ्याच्या कळ्या जांभळ्या पडून गळाल्या, आता दुकानदार म्हणतो छाटणी लगेच उरका आणि हा चार बाटल्यांचा कॉम्बो मारा, कळी लवकर लागेल, भाव मिळेल. मारू का?

नाही, मारू नका. छाटणीपण आत्ता करू नका. ऑक्टोबर आहे, जमिनीत अजून ओल आहे, आत्ता कात्री लावलीत तर नुसता पाला फुटणार आणि कळी त्यात तुरळक. दुकानदाराला छाटणी लवकर हवी असते कारण फूट लवकर आली की फवारे लवकर सुरू होतात, त्याचा सीझन वाढतो, तुमचा नाही.

मोगऱ्याला पहिल्यांदा ताण द्या. ऑक्टोबरच्या शेवटी पाणी तोडा म्हणजे तोडाच, मधेच कीव येऊन एक पाळी देऊ नका, तेवढ्याने सगळा ताण मोडतो. किती दिवस ते कॅलेंडरवर बघू नका, झाडावर बघा, पानांची चकाकी गेली, खालची पानं पिवळी होऊन गळायला लागली आणि शेंडा वाढायचा थांबला की ताण बसला. मुरमाड जमिनीत हे लवकर दिसतं, भारी जमिनीत जास्त वाट बघावी लागते. मग नोव्हेंबरच्या शेवटी ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत जमिनीपासून दीड फुटावर सरसकट छाटायचं, वाळलेल्या आणि बारीक काड्या बुडातूनच काढायच्या. सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार पाहिजे, कोयत्याने छाटलं तर काडी चिरते आणि तिथूनच मर सुरू होते. छाटलेला पाला बागेबाहेर नेऊन जाळा आणि त्याच दिवशी १ टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारा. एवढं नीट केलं तर फेब्रुवारी-मार्चपासून जी कळी येते ती कुठल्याही बाटलीने येत नाही. दर वर्षी बघतोय, ज्याचा ताण नीट बसतो त्याची बाग एका दमात फुटते.

खताचं. मोठ्या झाडाला वर्षाला ६० ग्रॅम नत्र, १२० स्फुरद, १२० पालाश, दोन हप्त्यांत. म्हणजे छाटणीनंतर १० किलो कुजलेलं शेणखत आणि त्यासोबत युरिया ६५ ग्रॅम, सुपर फॉस्फेट ३७५ ग्रॅम, पोटॅश १०० ग्रॅम, हाच खताचा हप्ता परत जूनमध्ये. युरिया ६५ ग्रॅम म्हणजे ६५ च, मूठभर नाही. जास्त युरिया टाकला की झाड काळंभोर दिसतं, शेतकरी खूश होतो, पण ती कोवळी लुसलुशीत फूट अळीला आणि कोळ्याला (पानातला रस शोषणारी बारीक कीड) सगळ्यात आधी सापडते आणि कळी मागे पडते. दुकानदार सांगेल झाड दमलंय, डबल डोस द्या. डबल डोस देऊ नका.

आता जांभळ्या कळीचं. फवारणीआधी एक काम करा, खाली पडलेल्या दहा-बारा कळ्या उचला आणि ब्लेडने उभ्या चिरून बघा. कळीला बारीक गोल भोक, आत काळ्या डोक्याची हिरवट अळी, शेजारच्या कळ्या जाळीने चिकटलेल्या, तर ती कळी पोखरणारी अळी. भोक नाही, पण कळी देठाजवळ फुगलेली, वाढ खुंटलेली आणि आत अगदी बारीक पांढुरक्या अळ्या, तर ती कळीमाशी. दोन्हीत कळी जांभळीच होते, म्हणून दुकानात कळी नुसती दाखवली की एकच औषध हातात पडतं. कळीमाशी कोषात जाते ती मातीत, तेव्हा झाडाखालची माती हलकी खुरपून उन्हात उघडी पाडणं आणि गळलेली कळी रोज गोळा करून जाळणं हे फवाऱ्याइतकंच कामाचं आहे. कळी दिसायला लागली की ५ टक्के निंबोळी अर्क ८-१० दिवसांनी, संध्याकाळी. त्यानेही आवरलं नाही तर चिरलेल्या कळ्या घेऊन कृषी सहाय्यकाकडे (आता सहाय्यक कृषी अधिकारी म्हणतात) या, औषध आणि प्रमाण लिहून घ्या आणि मग दुकानात जा, आधी दुकानात नको.

कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, हार्मोन एकाच पंपात ओतू नका. परत सांगतो, एकाच पंपात ओतू नका. सायपरमेथ्रीनसारखी औषधं पुन्हा पुन्हा मारली की लाल कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी दुपटीने उसळतो, मग कोळ्याची वेगळी बाटली. आणि मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक कुणी अजूनही काढून देत असेल तर घेऊ नका, त्यावर २०२३ मध्ये बंदीचा आदेश निघालाय. तुमच्या घरच्या बाया पहाटे अंधारात हाताने कळी खुडतात आणि तीच कळी दादरला जाऊन कुणाच्या तरी केसात बसते, हे फवारताना डोक्यात ठेवा. तोडणीच्या आदल्या संध्याकाळी रासायनिक फवारा अजिबात नको, लेबलवर लिहिलेले दिवस पाळा. बिल पक्कं घ्या, बॅच नंबरसकट, चिठ्ठीवरचा हिशोब चालत नाही.

पानं पिवळी पडतात म्हणणाऱ्यांनी आधी बघा कुठली पिवळी. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी, फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम फवारा. पण अख्खं झाड मलूल आणि बुडाशी पांढरी बुरशी, मोहरीसारखे दाणे दिसले तर मूळकुज आहे, तिथे फेरस काही करणार नाही, चर काढून पाणी बाहेर काढा आणि शेणखतातून ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) द्या.

योजनेचं थोडक्यात, मनरेगातून २०२५ पर्यंत मोगरा लागवड बसत होती, जॉबकार्ड लागायचं, क्षेत्र ०.०५ ते २ हेक्टर, अर्ज ग्रामपंचायतीत, आत्ता काय चालू आहे ते कृषी सहाय्यकाला विचारा.

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलंय की कुंडीतल्या मोगऱ्याला नुसती पानं येतात. ताई, त्यालाही हेच, पाणी कमी करा, डिसेंबरमध्ये निम्म्यावर छाटा, पाच-सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा द्या, आणि नर्सरीवाल्याने दिलेली फुलं यायची पुडी परत करा.

ताण बसलाय की नाही यात शंका असेल तर फोटो पाठवा, पण जवळून, शेंडा आणि बुडाची माती दोन्ही दिसतील असा, लांबून काढलेल्या अख्ख्या बागेच्या फोटोत काही कळत नाही.