बाईंना विचारा : चौथीतल्या मुलाला स्वतःचा फोन द्यावा का?

प्रश्न : आदरणीय बाई, माझा मुलगा चौथीत आहे, मार्चमध्ये दहा वर्षांचा होईल. आम्ही दोघंही नोकरी करतो. सासूबाई होत्या तोवर काळजी नव्हती. दिवाळीनंतर त्या गावी, धाकट्या दिरांकडे गेल्या. आता शाळेची व्हॅन त्याला पावणेदोनला सोसायटीच्या गेटवर सोडते. तो स्वतः कुलूप उघडतो, झाकून ठेवलेलं जेवतो आणि मी साडेपाचला येईपर्यंत एकटाच असतो. पोचला का, जेवला का, या विचाराने माझं कामात लक्ष लागत नाही. मिस्टर म्हणतात, माझा जुना फोन नुसता पडलाय, तोच देऊ, वाढदिवसाची भेटही होईल. मुलगा रोज सांगतो, वर्गात सगळ्यांकडे आहे. माझं मन होत नाही, पण नाही म्हणायला धड कारणही सुचत नाही. काय करू?
— एक आई, चिंचवड

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा पावणेदोन ते साडेपाच या वेळेपाशी येऊन थांबले. पावणेचार तास होतात. त्यावर बोलायचंच आहे, पण आधी फोनचं सांगते, कारण विचारलंत ते तेच.

स्मार्टफोन आत्ता देऊ नका. पोचल्याचं कळण्यासाठी बटणांचा साधा फोन घ्या, हजार-दीड हजारात येतो. डेटा नसलेलं, फक्त कॉल आणि एसएमएसचं रिचार्जही आता मिळतं. हा फोन घराचा असू द्या. पूर्वी लँडलाइन असायचा तसा एका जागी, दाराजवळच्या फळीवर, चार्जरला लावलेला. आल्या आल्या ‘आई, पोचलो’ एवढा फोन त्याने करायचा. वर भिंतीवर ठळक अक्षरात कागद लावा : तुमचा नंबर, बाबांचा, शेजारच्या काकूंचा, आणि खाली ११२ व मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन. शिवाय तुमचा नंबर त्याच्याकडून पाठ करून घ्याच. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी चौथीच्या वर्गात विचारलं होतं, तेव्हा ३१ मुलांपैकी ९ जणांना आईचा नंबर पाठ होता. पाढे घडाघडा म्हणणारी मुलं होती ती.

मिस्टरांच्या जुन्या फोनबद्दल मला खरंच भीती वाटते. त्यात त्यांचा ईमेल असेल, फोटो असतील, पैसे पाठवायचं ॲप असेल. यूट्यूबवर त्यांनी काय काय पाहिलं त्यावरून पुढचं आपोआप समोर येत राहणार आणि ते पाहायला घरात एकटं मूल. सिम कार्ड १८ वर्षांखालच्या मुलाच्या नावावर मिळतच नाही, इन्स्टाग्रामही १३ वर्षांखाली खातं उघडू देत नाही. तेव्हा त्या फोनवर जे घडेल ते मोठ्या माणसाच्या नावावर घडणार. ‘कधीतरी शिकायलाच हवं’ असं मिस्टर म्हणत असतील, तर त्यांचं चूक नाही. शिकवा की! रविवारी दोघं शेजारी बसून त्यांच्याच फोनवर शिका. रेल्वेचं तिकीट कसं काढतात, नकाशात आजीचं गाव कुठे आहे, ओळख नसलेल्या माणसाची लिंक आली तर का दाबायची नाही.

‘वर्गात सगळ्यांकडे आहे’ हे वाक्य मी नोकरीत फार ऐकलं. ते ‘सगळे’ मोजायला गेलं की चार-पाच निघतात. तुम्ही त्याच्या वर्गातल्या तीन आयांना फोन करा. त्यांची मुलंही घरी तुमच्या मुलाकडे बोट दाखवत असतील. एकट्या घराने नाही म्हटलं की मूल एकटं पडतं, चार घरांनी म्हटलं की तो रिवाज होतो. आमच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ साली गावानेच हे ठरवलं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. सुरुवातीला लोकांनी सहज ऐकलं नाही. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, तेव्हा ते जमलं. आयर्लंडमधल्या ग्रेस्टोन्स या गावातही २०२३ मध्ये आठ प्राथमिक शाळांच्या पालकांनी मिळून ठरवलं, की माध्यमिक शाळेत जाईपर्यंत मुलांना स्मार्टफोन द्यायचा नाही. तुमच्याकडे गाव नाही, पण सोसायटी आहे.

मी हे इतकं पोटतिडकीने लिहितेय, कारण एक चूक माझ्या हातून झालीय. २०२० मध्ये माझी लेक नर्स म्हणून कोविडच्या ड्यूटीवर होती आणि तीन वर्षांचा नातू माझ्यापाशी होता. तो जेवेना, म्हणून मी तांब्याला टेकून फोन उभा केला. दोन घास जास्त गेले, मला बरं वाटलं. महिन्याभरात तो फोन लावल्याशिवाय तोंड उघडेना, आणि ताटात काय आहे हे त्याला ठाऊक नसायचं. ती सवय मोडायला चार महिने लागले. पहिला आठवडा तर तो रडून रडून उपाशी झोपायचा आणि मी शेजारच्या खोलीत. इतकी वर्षं मुलांना शिकवलेली मी, मला ती गोष्ट वेळीच कळली नाही.

म्हणून त्या पावणेचार तासांकडे परत येते. फोन दिलात तर ते सगळे तास तोच भरून काढेल, आणि इतके पक्के भरेल की पुढे तुम्हाला तिथे शिरता येणार नाही. त्या वेळात माणूस हवं. सासूबाई का गेल्या ते तुम्ही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही. पण त्यांनी परत यावं असं वाटत असेल तर ते त्यांना स्पष्ट सांगा, पुष्कळदा बायका तेवढ्या एका शब्दासाठी थांबलेल्या असतात. ते शक्य नसेल तर जवळचं पाळणाघर बघा, बऱ्याच ठिकाणी शाळेतून येणारी मुलंही ठेवून घेतात. सोसायटीत एखादं निवृत्त जोडपं असेल, त्यांच्याकडे दोन तास बसून गृहपाठ, मग खाली खेळायला. महिन्याचे पैसे ठरवून द्या, फुकटाच्या उपकारावर मूल ठेवू नका. हे फोनपेक्षा महाग पडेल, मला कल्पना आहे.

वाढदिवसाला तो रुसेल. रुसू द्या, समजूत घालताना खोटं कारण सांगू नका. सायकल झेपत असेल तर सायकल घ्या, दहाव्या वर्षी तिचा उपयोग होतो.

आणि घरच्या त्या फोनवरून पावणेदोनला पहिला कॉल आला, की मीटिंगमध्ये असाल तरी उचला. साहेबांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.