४३-८ की ३९-८?

प्रश्न : माझ्याकडे १९६९ सालची महिंद्राची थ्री-बी जीप आहे. पेट्रोल, तीन गिअरची. मागचं डिफरन्शियल (शाफ्टचा जोर चाकांकडे वळवणारे गिअर) ओरडत होतं. उघडलं तर क्राऊनचे, म्हणजे त्यातल्या मोठ्या दातेरी चाकाचे, दोन दाते तुटलेले. भंगारबाजारात दुसऱ्या एका जीपचं आख्खं मागचं हाउसिंग मिळतंय, पण त्यात ३९-८ दाते आहेत (क्राऊनला ३९, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ८), माझ्यात ४३-८ होते. मिस्त्री म्हणतात, बसवून टाकू, पुण्याला जाताना गाडी मोकळी पळेल. टायर मी ७.००-१६ घातलेत. घर पाटणच्या वरच्या अंगाला, पावसाळ्यात वाट चिखलाची, कधी मागे भाताची ट्रॉली. काय करू?

उत्तर : नुसतं मागचं बसवू नका. गॅरेज नवीन असताना मी हीच चूक केली होती. दाते न मोजता एका गिऱ्हाइकाच्या जीपला मागचा सेट, म्हणजे क्राऊन-पिनियनची जोडी, घातला. साध्या रस्त्यावर काही कळलं नाही. पावसात त्यांनी फोर-व्हील लावलं, चिखल पार केला आणि डांबरावर आल्यावर ते काढायचं राहिलं. थोड्याच अंतरात पुढच्या शाफ्टचा (पुढच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, तुटला. गाडीत त्यांची दोन मुलं होती. कुणाला लागलं नाही, पण तेव्हापासून दाते मोजल्याशिवाय मी सेटला हात लावत नाही.

४३ भागिले ८ म्हणजे ५.३८, ३९ भागिले ८ म्हणजे ४.८८. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट इतके फेरे घेतो. फोर-व्हील लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. मग मागची चाकं ११ मीटर जाऊ बघतात तेव्हा पुढची १० मीटरच जातात. मधला मीटर कुठल्यातरी चाकाने घसरून भरून काढायचा. चिखलात चाक घसरतं. डांबरावर घसरत नाही, तिथे लोखंड तुटतं.

तेव्हा ४.८८ हवं असेल तर पुढचंही बदला. पण तुम्हाला ते हवंय का? मूळच्या ६.००-१६ पेक्षा तुमचा टायर साधारण सहा टक्के मोठा आहे, म्हणजे तुमचं ५.३८ आत्ताच ५.०७ सारखं चालतंय. त्या हिशोबाने ताशी ७० ला इंजिन मिनिटाला २६०० फेऱ्यांच्या आसपास असतं. तुमचं हरिकेन इंजिन पूर्ण ताकद ४००० ला देतं, ओढ २००० च्या सुमारास. पुण्याच्या रस्त्याला यात काही अडत नाही.

घाटात मात्र अडेल. तुमच्या गिअरबॉक्समध्ये शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे दुसऱ्या गिअरमध्ये १.५५ आणि तिसऱ्यात थेट १. मधे फार मोठी उडी आहे. ४.८८ घातलं तर ट्रॉली मागे असताना तिसऱ्यात इंजिन दम टाकेल आणि दुसऱ्यात उगाच किंचाळत राहील. लो-रेंजच्या (जास्त ओढीच्या, हळू चालीच्या) पहिल्यात आज इंजिनाच्या ओढीच्या एकूण ३७ पट मिळतात, ते साडेतेहतीसवर येतील. चिखलातल्या चढावर हा फरक पायाला कळतो.

माझं मत स्पष्ट आहे : ४३-८ चाच सेट शोधा. क्राऊन आणि टेल पिनियन जोडीनेच घ्या, एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन कधीही नाही. बसवताना बेअरिंग नवीन टाका आणि शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) जुन्या मापाच्या आहेत म्हणून तशाच ठेवू नका. दात्यांना निळा रंग लावून ते एकमेकांवर कुठे टेकतात त्याचा ठसा बघा.

पुढच्या ॲक्सलचाही भरवसा धरू नका, पन्नासहून जास्त वर्षांत तो कुणी बदलला असेल. पुढचं एकच चाक जॅकवर घ्या. फोर-व्हील काढलेलं असू द्या, हब लॉक (पुढची चाकं ॲक्सलला जोडणाऱ्या कळा) बसवले असतील तर ते लावा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. पाच पुरे होण्याआधी थांबला तर ४.८८. पाच ओलांडून तिसऱ्या हिश्श्याच्या थोडं पुढे गेला तर ५.३८. हे मोजून झाल्यावरच सेटचे पैसे द्या.