जाळीच्या आतल्या सिस्टर दिवसभर करतात काय?

प्रश्न: ताई, आमच्या जालन्यात शाळेतल्या, दवाखान्यातल्या सिस्टर नेहमी दिसतात. पण मैत्रिणीची चुलत बहीण कार्मेल या कॅथलिक संघाच्या मठात गेलीये, ती आता बाहेर येतच नाही, घरचे गेले तरी जाळीआडून बोलते म्हणे. जन्मभर आत राहून करायचं काय, आणि पोट कसं भरतं? – एक वाचक, जालना

उत्तर: अहो, फुरसत कुठली तिथं! पहाटे उठायचं, दिवसातून सात वेळा एकत्र प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), शिवाय सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास नुसतं शांत बसून ध्यान, आणि मधल्या वेळात स्वयंपाक, धुणं, शिवणकाम, बाग सगळं स्वतःच. बरेच मठ मिस्सात वाटतात ती पातळ गोल भाकर करून चर्चना विकतात. फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी, यीस्ट नाही, मीठ नाही. तापलेल्या दोन लोखंडी पाट्यांमधे पापडासारखा मोठा पातळ पत्रा भाजतात, मग तो जरा दमट होऊ देतात, नाहीतर कापताना चुरा होतो. त्यावर आणि लोक देतील त्यावर घर चालतं.

आता जाळीचं. स्पेनमधल्या आविला गावी तेरेसा नावाची नन ज्या कार्मेल मठात होती तिथं दीडशेच्या वर बायका, श्रीमंताघरच्यांना वेगळ्या खोल्या, दिवसभर पाहुण्यांची वर्दळ. तिला ते पटेना, म्हणून १५६२ मधे तिनं त्याच गावात वेगळा छोटा मठ काढला, सुरुवातीला तेराजणीच ठेवायच्या असं ठरवलं, घराण्याचा मान नाही, सगळ्यांना एकच काम. तिच्या मठात जाळी ठेवली ती ही वर्दळ थांबवायला. तरी बाई रुक्ष नव्हती हं, दिवसातून दोनदा गप्पांची वेळ तिनंच ठेवली, हात कामात आणि तोंड मोकळं! (आपल्याकडं महानुभाव तपस्विनींना अटन सांगितलंय, गावोगाव फिरायचं, इथं नेमकं उलट.)

मैत्रिणीच्या घरच्यांना सांगा, लगेच आयुष्यभराचं बंधन नसतं. २०१८ च्या व्हॅटिकनच्या नियमानं शेवटचं व्रत घ्यायच्या आधी साधारण नऊ वर्षं जातात, तोवर पटलं नाही तर परत येता येतं आणि त्यात कुणी काही पाप मानत नाही. भेटायला जाताना आधी मदरना (मठाच्या प्रमुख सिस्टरना) फोन नाहीतर पत्र करा, ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत बहुतेक मठांत भेटी बंद असतात, उगाच हेलपाटा व्हायचा.