चालू करताच प्रोसेसर तापतो? आधी घड्याळ बघा

डेस्कटॉप सुरू केला की मिनिटभरात तापमानाचा इशारा येतो आणि मशीन बंद पडतं, अशी पत्रं थांबायला तयार नाहीत. त्याहून वाईट म्हणजे पत्र येईपर्यंत निम्म्या लोकांनी काहीतरी विकत घेऊन झालेलं असतं. म्हणून यावेळी सगळे प्रश्न याच विषयाचे घेतले आहेत.

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर) प्रोसेसरचं तापमान ४८ अंश दिसतं. घाबरण्यासारखं आहे का? (कुपवाड)

नाही.

पंखा डोळ्यांसमोर फिरतोय, तरी रोज ‘सीपीयू फॅन एरर’ येतो. एफ-१ दाबून पुढे जातो. चालेल ना? (विटा)

चालणार नाही. बहुधा पंख्याची वायर मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागी न लावता शेजारच्या कॅबिनेट पंख्याच्या जागी लावली आहे. या इशाऱ्यासाठी बोर्ड ‘सीपीयू फॅन’च्या जागेवरचेच फेरे बघतो, तिथे शून्य दिसलं की ओरडतो. वायर योग्य जागी लावून घ्या. तरीही संदेश आला तर बहुधा पंखा मंद झालाय, तो बदला. एफ-१ची सवय लागली की खरोखर पंखा बंद पडेल त्या दिवशीही तुम्ही एफ-१च दाबाल.

पाणी वाढायची धास्ती होती म्हणून कॅबिनेट वरच्या मजल्यावर नेलं. तेव्हापासून चालू केल्यावर अर्ध्या मिनिटात ९५ अंश आणि बंद. दुकानदार म्हणतो प्रोसेसर गेला, मदरबोर्डसकट बदला. (गावभाग, सांगली)

एक रुपयाही देऊ नका. निदान तुमच्या पत्रातच आहे.

तापमान किती, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, किती वेळात? रात्रभर बंद असलेलं मशीन अर्ध्या मिनिटात नव्वदीपार जात असेल, तर कूलर (प्रोसेसरवर बसवलेला धातूच्या पट्ट्या आणि पंखा यांचा जोड) प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही असं धरून चला. टेकलेला कूलर, पंखा बंद असला तरी, काही वेळ उष्णता ओढून घेतो आणि आकडा हळूहळू चढतो. दहा-पंधरा मिनिटं टॅली चालवल्यावर तापणारं मशीन वेगळं. तिथे धूळ, वाळलेली पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधे लावलेला, उष्णता पुढे नेणारा लेप), थकलेला पंखा बघायचा.

खात्री करायची असेल तर मशीन बंद पडल्याबरोबर प्लग काढा, झाकण उघडा आणि कूलरच्या पट्ट्यांना बोट लावा. स्क्रीनवर ९५ होते आणि पट्ट्या गार आहेत, म्हणजे उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाही. पट्ट्या चटका देत असतील तर उष्णता पोचते, पण बाहेर पडत नाही.

इंटेलच्या प्रोसेसरबरोबर येणारा कूलर बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या चार पिनांवर असतो. जिन्यावरून नेताना कॅबिनेट आपटलं की एखादी पिन सुटते आणि कूलर एका कोपऱ्यात केसभर उचलला जातो. मधे हवा शिरते, आणि हवा उष्णता नेण्यात अगदी निकामी. मदरबोर्डाच्या मागच्या बाजूचं झाकण काढा. बऱ्याच कॅबिनेटना तिथे बोर्डामागे मोकळी जागा असते. बॅटरी मारून बघा: प्रत्येक पिनेचे दोन पाय फाकलेले आणि मधली खीळ पार आलेली दिसली पाहिजे. एका ठिकाणी तसं दिसलं नाही, की चोर सापडला.

पण ती पिन नुसती दाबून मोकळे होऊ नका. पेस्टचा थर एकदा सुटला की गेला. कूलर काढून, दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, नवी पेस्ट लावून समोरासमोरच्या पिना जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे. हे कधी केलं नसेल तर जाणकाराकडून, समोर बसून करून घ्या.

आता ‘प्रोसेसर गेला’ याविषयी. गेलेल्या प्रोसेसरवर मशीन सहसा स्क्रीनपर्यंतही येत नाही. तुमचा येतो, तापतो, मर्यादेजवळ आधी वेग कमी करतो आणि मग मशीन बंद करतो. म्हणजे त्याची संरक्षण व्यवस्था शाबूत आहे. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा सल्ला आहे. दुसऱ्या दुकानात जा. दुरुस्तीआधीचं आणि नंतरचं तापमान बायोसमध्ये दाखवा म्हणून सांगा. जो दाखवत नाही त्याच्याकडे मशीन ठेवू नका. आणि तोवर ते पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. दर वेळी अर्धवट बंद होताना हार्ड डिस्कवरच्या फायली खराब होऊ शकतात.

पेस्टऐवजी टूथपेस्ट चालते असा व्हिडिओ पाहिला. (जत)

नाही. त्यातलं पाणी उडालं की कोरडी पावडर उरते. खरी पेस्ट स्वस्त मिळते.

मार्केट यार्डात हळदीची पेढी आहे. दर दोन-तीन महिन्यांनी कॉम्प्युटर तापतो. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने साफ केला तर? (सांगली)

व्हॅक्यूम नको, त्याच्या नळीत स्थिर वीज तयार होते. हळदीची भुकटी पंख्याखाली पट्ट्यांच्या मधे बसते आणि पावसाळी दमटपणात तिचा घट्ट थर होतो. पंखा वरून स्वच्छ दिसतो, म्हणून फसायला होतं. कॅबिनेट बाहेर नेऊन ब्लोअर मारा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून. मोकळं भरधाव फिरलं तर बेअरिंग जातं. कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर घ्या, मागे वीतभर जागा सोडा. आणि लक्षात घ्या, कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. पत्र्याखाली ४० अंश असतील तर २५ अंशांच्या खोलीपेक्षा प्रोसेसर साधारण पंधरा अंश जास्त तापणारच. साफ करूनही आकडा उतरला नाही तर पंखा आणि पेस्ट तपासून घ्या.

एएमडीचा कूलर ओढला तर प्रोसेसरच चिकटून वर आला, काही पिना वाकल्या. (तासगाव)

एएम-४ सॉकेटवर (एएमडीचा प्रोसेसर बसवायच्या एका प्रकारच्या खाचेवर) हे होतं. वाळलेली पेस्ट डिंकासारखी धरते. मशीन थोडं चालवून, गरम असताना बंद करून, कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवत सोडवायचा असतो, सरळ ओढायचा नसतो. आता पिना चिमट्याने सरळ करायला जाऊ नका. एक तुटली तरी प्रोसेसर कायमचा जाऊ शकतो. खोक्यात उताणा ठेवून, पिनांना काही न टेकवता, मोबाइलच्या बोर्डावर सूक्ष्मदर्शकाखाली काम करणाऱ्या कारागिराकडे घेऊन जा, आणि तो हो म्हणाला तरच हात लावू द्या.