महागडा खिमा आणि फुटलेले चॉप्स

प्रश्न: ताई, आम्ही मूळचे वसईचे, दीड वर्षापूर्वी डॅलसला आलो. इथे बीफच्या खिम्याच्या पाकिटांवर ८०/२०, ९३/७ असे आकडे असतात. मीटलोफसाठी (पावाच्या लादीसारखा ओव्हनमध्ये भाजलेला खिमा) मी मुद्दाम महागडा ९३/७ आणला, तर तो भुशासारखा कोरडा झाला. ८०/२०चे आईच्या पद्धतीने पोटॅटो चॉप्स, म्हणजे खिमा भरलेले बटाट्याचे पॅटिस केले, ते तेलात फुटले. चांगला माल आणूनही असं का होतं?

उत्तर: तुमच्याकडून पाकिटांची नेमकी अदलाबदल झाली. पहिला आकडा मांसाचा, दुसरा चरबीचा. ९३/७ महाग असतो तो चरबी कमी म्हणून, चव जास्त म्हणून नव्हे. मीटलोफ तासभर ओव्हनमध्ये राहतो; एवढ्याशा चरबीवर तो ओलसर कसा राहणार?

चॉप्सची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात २०१५पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे वसईत बीफ म्हणून मिळतं ते म्हशीचं. त्यात चरबी अगदी कमी, म्हणून आई आधी तेल तापवते. त्याच कृतीत ८०/२० घातला की तेल अधिक चरबी, सारण ओशट होतं आणि बटाट्याची पारी त्याला धरत नाही. अमेरिकेतल्या माझ्या पहिल्या नाताळात माझे बाराही चॉप्स कढईत उलगडले, वर स्मोक अलार्म बोंबलला. शेजारीण चपला न घालताच धावत आली. तिला उरलेला चुरा पावात घालून दिला, तर तिनं कृती मागितली!

चॉप्सना ९०/१० घ्या. तेल न घालता जाड बुडाचं पातेलं चांगलं तापवा, अर्धा किलो खिमा दोन वेळा करून पसरा आणि ढवळू नका. सगळा एकदम टाकलात तर पाणी सुटून तो उकडतो, भाजला जात नाही. कान द्या: आधी फसफस ऐकू येते, पाणी आटलं की चरचर सुरू होते. खालची बाजू तपकिरी झाल्यावरच उलथनं घाला. मग कांदा, आलं-लसूण-मिरची, हळद, शेवटी व्हिनेगर. सारणातून चमचा ओढला की मागे ओलसर रेघ राहता कामा नये. सारण पूर्ण गार करा. बटाटे रसेट, म्हणजे उकडल्यावर पिठूळ होणारे घ्या, लाल चिकट नकोत. सालासकट उकडा, गरम असतानाच कुस्करा आणि वाफ जाऊ द्या. पारीत सारण भरा, अंड्यात बुडवून रव्यात घोळवा. तव्यावर ठेवल्यावर दोन मिनिटं तरी हात लावायचा नाही, ही आईचीच ताकीद.

मीटलोफला ८०/२०. दोन पौंड खिम्याला पावाच्या दोन स्लाइस अर्धा कप दुधात भिजवून, एक अंडं, परतलेला कांदा. पाव दूध धरून ठेवतो, म्हणून लोफ मऊ राहतो. हे मिश्रण पोळीच्या कणकेसारखं मळत बसू नका, नुसतं एकत्र करा. मळलं की घट्ट होतं. मी चमचाभर बॉटल मसाला, म्हणजे आपला ईस्ट इंडियन घरांतला मसाला घालते. वरचा केचपचा थर मला अजून पटलेला नाही, पण घरात माझं कोण ऐकतं?

ओव्हन ३५० फॅरनहाइटवर, साधारण तासभर. मधोमध थर्मामीटर खुपसा, १६० फॅरनहाइट म्हणजे ७१ सेल्सिअस दिसलं पाहिजे. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू पृष्ठभागावर असतात, खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. त्यामुळे स्टेक मधे गुलाबी चालतो, खिमा नाही. नुसत्या रंगावर जाऊ नका. कच्चा खिमाही कधी कधी तपकिरी दिसतो.

आणि वाग्यूचा, म्हणजे जपानी जातीच्या गुरांचा महागडा खिमा मसाल्याच्या पातेल्यात घालू नका. एवढं आलं-लसूण पडल्यावर त्याची चव कळणार कुणाला?