दोरी तुटली, दगड सुटला. पण अंतर मोजायचं कुठून?

तुम्ही विचारलंय की दोरीला बांधलेला दगड आडव्या वर्तुळात फिरताना दोरी तुटून तो जमिनीवर पडला, तर वर्तुळाकार गती आणि प्रोजेक्टाइल (फेकल्यावर फक्त गुरुत्वाखाली जाणारी वस्तू) यांची सांगड कशी घालायची. आणि वर्तुळ उभं असेल तर काय बदलतं.

दोघांना जोडणारा दुवा एकच, वेग. दोरी तुटायच्या क्षणी जो वेग, तोच प्रोजेक्टाइलचा सुरुवातीचा वेग, दिशा स्पर्शिकेची. उंचीवरून वेळ काढा, वेळेवरून पल्ला. अभिकेंद्री त्वरण (वर्तुळात फिरताना केंद्राकडे असणारं त्वरण) विचारलं असेल तर वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागा. "एकदा दोरी तुटली की त्रिज्येचं काम संपलं," असं यानंतर क्लासमध्ये सांगतात आणि तिथेच माझं डोकं सटकतं.

अकरावीला मी तालुक्याच्या एका क्लासला जायचो. चाचणीत हेच गणित आलं. एक मुलगा 2.5 मीटर त्रिज्येच्या आडव्या वर्तुळात दगड फिरवतोय, वर्तुळ जमिनीपासून 1.25 मीटर उंच, वेग सेकंदाला 12 मीटर. दोरी तुटली तर दगड मुलाच्या पायापासून किती लांब पडेल? गुरुत्व त्वरण 10 धरा. वेळ अर्धा सेकंद, पल्ला 6 मीटर. अख्ख्या वर्गाने 6 लिहिलं. मी वरून दिसेल तशी आकृती काढली: मुलगा मध्यभागी, दगड त्याच्यापासून अडीच मीटरवर सुटतो आणि त्रिज्येशी काटकोन करून 6 मीटर जातो. काटकोन त्रिकोण झाला, कर्ण 6.5 मीटर. सरांनी लाल पेनाने फुली मारली आणि शेजारी लिहिलं, "त्रिज्या कशाला?"

विचारायला गेलो तेव्हा मी गोफणीचा दाखला दिला. आमच्याकडे ज्वारी हुरड्यात आली की आजी माळ्यावर उभी राहून पाखरं राखायची. गोफणीचं एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं चिमटीत. डोक्यावर गरगर फिरवून चिमटी सोडायची ती दगड उजव्या अंगाला असतानाच. समोर आल्यावर सोडली तर दगड डावीकडे, शेजाऱ्याच्या वावरात. (केंद्रापासून सरळ बाहेर दगड उडतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस राखणीला जाऊन बघावं.) म्हणजे दगड आजीच्या पायातून निघत नाही, बाजूने निघतो, एवढंच माझं म्हणणं होतं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "इथे गोफण फिरवायला आलायस का?" वर्ग हसला. मार्क काही मिळाले नाहीत.

पुढे हातोडाफेकीचे नियम वाचले तेव्हा बरं वाटलं. सोव्हिएत हातोडाफेकपटू युरी सेदिखचा 1986 चा 86.74 मीटरचा विक्रम हातोडा त्याच्या हातून सुटला त्या जागेपासून मोजलेला नाही. हातोडा पडतो तिथून, खेळाडू ज्या वर्तुळात उभा राहून फेकतो त्याच्या केंद्राकडे टेप धरतात आणि त्या वर्तुळाच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर घेतात. टेप कुठून धरायची हे तिथे आधी ठरलेलं असतं. आमच्या चाचणीतही ठरलेलंच होतं, मुलाच्या पायापासून.

उभ्या वर्तुळाचं थोडक्यात. सर्वात खालच्या बिंदूला दोरी तुटली तर वेग आडवाच, वेळ आणि पल्ल्याचं गणित वरच्यासारखंच, फक्त पाडाची उंची त्या बिंदूपासून घ्या. दोरी वरच्या अर्ध्यात सैल पडली तर ताण शून्य धरा. त्या क्षणी दोरीचा क्षितिजाशी कोन थीटा असेल तर वेगाचा वर्ग म्हणजे गुरुत्व त्वरण गुणिले त्रिज्या गुणिले साइन थीटा, आणि वेगाचा क्षितिजाशी कोन 90 वजा थीटा. वेग आणि कोन दोन्ही हातात आले की पुढे नेहमीचं तिरकं प्रोजेक्टाइल.

हो, हवेचा विरोध आपण सोडून दिलाय. शिवाय दोरी कधीच पूर्ण आडवी राहत नाही, कारण दगडाचं वजनही तिलाच पेलायचं असतं. वरच्या गणितात अभिकेंद्री त्वरण 57.6 येतं, म्हणजे दोरी साधारण 10 अंश खाली झुकणार. त्याने 6.5 चं 6 होत नाही.

तेव्हा तुम्ही वरून दिसणारी आकृती काढाच, मार्क कापले तरी. परवा भाच्याने त्याच क्लासच्या छापील नोट्स आणल्या होत्या. गणित तेच, आकडेसुद्धा तेच, मागे उत्तर 6 मीटर. मी पेनाने खोडून 6.5 केलं आणि त्याला म्हटलं, सरांना दाखव.