नराशिवाय पिल्लं देणारे प्राणी खरंच असतात का?

हो, असतात, आणि त्यातला एक आपल्या शेतातच सापडतो. चवळीच्या कोवळ्या शेंगेवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दाटलेला असतो ना, त्यातल्या जवळजवळ सगळ्या माद्याच. नराची गरज नाही, अंडी घालायची भानगड नाही. थेट जिवंत पिल्लू बाहेर येतं, तेही आधी स्वतःचं मागचं टोक बाहेर काढत. गंमत म्हणजे जन्माला येणाऱ्या त्या लेकीच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढू लागलेली असते. चार दिवसांपूर्वी स्वच्छ असलेलं झाड माव्याने भरून एकदम चिकट का होतं, ते यावरून कळावं.

मोठ्या प्राण्यांतही हे घडतं. इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयात फ्लोरा नावाच्या कोमोडो ड्रॅगन (घोरपडीच्या जातकुळीतला महाकाय सरडा) मादीने नराचं तोंडही न पाहता अंडी घातली आणि 2007 च्या जानेवारीत त्यांतून पिल्लं निघाली. या जातीत अशी पिल्लं नरच होतात, कारण त्यांच्यात लिंग आईच्या गुणसूत्रावर ठरतं, आणि एकट्या आईच्या गुणसूत्रांतून जगू शकणारी जोडी नराचीच बनते. मधमाश्यांचे नर तर नेहमीच बिनबापाचे!

सस्तन प्राण्यांत मात्र निसर्गतः हे जमत नाही. काही जनुकं फक्त बापाकडून आलेली असतील तरच काम करतात.